मालीश करून करिअर होतं का? सातारा-सांगलीच्या पोरापोरींसाठी मसाज थेरपीचा सगळा हिशोब

२९ जून २०२४. बार्बाडोसमध्ये भारतानं टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप जिंकला. बीसीसीआयनं १२५ कोटींचं बक्षीस जाहीर केलं आणि ते कुणाकुणात वाटलं जाणार याच्या बातम्या आल्या. रोहित, विराट, बुमराह यांची नावं त्यात असणारच होती. पण त्याच यादीत टीमचे दोन मसाजरही होते. तेव्हाच्या बातम्यांनुसार फिजिओ आणि थ्रोडाऊन टाकणाऱ्यांच्या बरोबरीनं त्यांच्या वाट्याला प्रत्येकी २ कोटी येणार होते. त्यातले एक होते अरुण कानडे.

त्याच्याही आधी २०११ चा वर्ल्ड कप आठवा. त्या टीमचे मसाजर होते रमेश माने. खेळाडू त्यांना 'माने काका' म्हणायचे.

म्हणजे मालीश हे काम जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्डाच्या पगारपत्रकावर आहे. पण तेच सातारा किंवा सांगलीतल्या एखाद्या बारावी झालेल्या पोरानं घरी सांगून बघावं, "मी मसाजचा कोर्स करतो." पोरीनं सांगितलं तर विषयच संपला. घरचे एकमेकांकडं बघणार, पाहुणे हसणार आणि शेजारी भलताच अर्थ काढणार.

असं का होतं? या कामात खरंच करिअर आहे का? शिकायचं कुठं, कमाई किती आणि धोके कुठले? एकेक करून बघू.

आपल्याकडं मालीश नवी नाही

सातारा-सांगली हा कुस्तीचा पट्टा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये गोल्ड आणलं, पुढं ते हिंदकेसरी झाले. कुंडलच्या मैदानाला आजही लांबलांबून लोक येतात.

या सगळ्या तालमींमध्ये मालीश हा रोजच्या मेहनतीचाच भाग. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, की तेल लावून अंग रगडून घ्यायचं. पठ्ठे एकमेकांचं अंग चोळतात, लहान पैलवान थोरल्याचं अंग दाबून देतो. कुठला स्नायू कसा धरायचा, आखडलेला खांदा कसा मोकळा करायचा, हे वस्तादाच्या नजरेखाली हातानंच शिकलं जातं. त्याचं पुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. त्यात कमीपणा तर कुणालाच वाटत नाही.

दुसरी मालीश घरातली. बाळ जन्मलं की बाळ-बाळंतिणीला तेल लावायला, न्हाऊ-माखू घालायला मावशी येतात. पायावर बाळ आडवं घेऊन त्याला तेल लावणं, बाळंतिणीची कंबर-पाठ रगडणं, शेक देणं, हे सगळं त्यांच्या हातात असतं. गावागावांत अशा मावशी आहेत आणि त्यांच्यातल्या कित्येकींनी याच कामावर संसार ओढलाय.

तिसरी मालीश केशकर्तनालयातली. दाढी-कटिंग झाली की डोक्याची चंपी आणि मानेला दोन रट्टे. नाभिक समाजाचं हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

आणि दिवाळीत पहाटे अंगाला तेल-उटणं लावून घेणारे तर आपण सगळेच.

मग जी गोष्ट तालमीत इज्जतीची, बाळंतघरात गरजेची आणि दिवाळीत शुभ, ती 'मसाज' हा शब्द लागला की संशयाची का होते?

नाव बदनाम कसं झालं

कारण सरळ आहे. मसाज पार्लरच्या पाटीआड देहविक्रीचे धंदे चालल्याच्या, पोलिसांनी छापे टाकल्याच्या बातम्या दर काही दिवसांनी येतात. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ खाली गुन्हे दाखल होतात. चांगलं काम करणारा थेरपिस्ट कधीच बातमी होत नाही, छापा मात्र होतो. त्यामुळं लोकांच्या डोक्यात एकच चित्र बसलं.

दिल्ली सरकारनं तर २०२१ मध्ये स्पासाठी नियम काढताना पुरुषानं बाईला आणि बाईनं पुरुषाला मसाज करण्यावरच बंदी घातली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं त्या बंदीला स्थगिती दिली. वाईट धंदा थांबवायचा म्हणून सगळ्या व्यवसायाला एकाच काठीनं हाणता येत नाही, असा तो वाद होता.

पण ही अडचण फक्त भारताची नाही आणि फक्त आजचीही नाही. यावर १३० वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक उत्तर शोधलं गेलं. ते कळलं तर सातारा-सांगलीच्या पोरांना पुढचा रस्ता दिसतो.

लंडनच्या चार बायका

१८९४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं लंडनमधल्या मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांवर लिहिलं आणि मोठा गदारोळ झाला. त्याचा फटका बसला तो रुग्णांना खरंखुरं मालीश करणाऱ्या प्रशिक्षित नर्सना. त्यांच्याकडंही लोक संशयानं बघायला लागले.

तेव्हा लुसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी मिळून प्रशिक्षित मालीशकर्मींची एक सोसायटी काढली. त्यांनी परीक्षा सुरू केली, पास होईल तिलाच प्रमाणपत्र. आणि नियम कडक ठेवले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही. वैद्यकीय नियतकालिकं सोडून कुठंही जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत.

पुढं पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभं करायला अशा लोकांची प्रचंड गरज लागली. १९२० मध्ये या संस्थेला राजाची सनद मिळाली. १९४४ मध्ये तिनं नाव बदललं, ते आजही तेच आहे : चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी.

होय, ब्रिटनमधल्या फिजिओथेरपीच्या व्यवसायाचं मूळ मालिशीत आहे. 'आम्ही तसल्या नाही' असं ओरडत बसण्यापेक्षा या बायकांनी शिक्षण, परीक्षा, नियम आणि नोंदणी असं कुंपण घातलं. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे लोकांना आपोआप कळायला लागलं.

कॅनडाच्या ओंटारिओसारख्या प्रांतांत आज 'मसाज थेरपिस्ट' ही नोंदणी असल्याशिवाय लावताच न येणारी पदवी आहे. थायलंडच्या पारंपरिक मालिशीला, म्हणजे 'नुआद थाई'ला, २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. दक्षिण कोरियात मसाजचा परवाना कायद्यानं दृष्टिहीनांसाठीच राखीव आहे आणि तिथल्या घटनापीठानं २००८ मध्ये तो कायदा वैध ठरवला. स्पर्शाचं कौशल्य हीच ज्यांची ताकद, त्यांना हक्काची भाकरी मिळावी असा त्यामागचा विचार.

भारतात कुंपण आहे का?

इथंच खरी मेख आहे. भारतात एकाच कामाच्या जवळपास तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि पोरं त्यात गोंधळतात.

पहिली वाट : फिजिओथेरपी. ही पदवी आहे. बारावी सायन्स, नीट आणि मग बीपीटीएचची चार वर्षांहून जास्त मेहनत. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडं नोंदणी करावी लागते, त्यासाठी २००२ चा राज्याचा कायदा आहे. २०२१ मध्ये केंद्रानंही सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपी येते. यासाठी पुण्या-मुंबईला जायलाच पाहिजे असंही नाही. कराडच्या कृष्णा विद्यापीठात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. मसाज हा फिजिओच्या कामाचा एक छोटा भाग. तपासणी, व्यायाम, पुनर्वसन हा मोठा भाग.

दुसरी वाट : पंचकर्म. आयुर्वेदात अभ्यंग म्हणजे तेल लावून केलेलं मर्दन. उपचार ठरवतो वैद्य आणि हातानं काम करतो पंचकर्म टेक्निशियन किंवा थेरपिस्ट. केरळात चेरुथुरुथीला केंद्र सरकारची पंचकर्म संशोधन संस्था आहे, तिथं एक वर्षाचा टेक्निशियनचा कोर्स चालतो. साताऱ्याचं आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय हे राज्यातल्या जुन्या आयुर्वेद कॉलेजांपैकी एक. सांगली जिल्ह्यातही आयुर्वेद कॉलेजं आहेत. अशा कॉलेजांच्या रुग्णालयात पंचकर्म विभाग असतो. हे काम आतून कसं चालतं हे बघायला जवळची जागा तीच.

तिसरी वाट : स्पा आणि वेलनेस. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत 'ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल' आहे. त्यांचा स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. कोर्स काही महिन्यांचा असतो. शरीररचना, स्वीडिश आणि डीप टिश्यूसारख्या पद्धती, स्वच्छता, ग्राहकाशी वागणं हे त्यात शिकवतात.

या तिसऱ्या वाटेवर फिजिओसारखी परिषद नाही, नोंदणी क्रमांक नाही. कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून इथंच सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि इथंच प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त किंमत आहे. ॲडमिशन घेताना एकच प्रश्न विचारायचा : "हा कोर्स स्किल इंडियाच्या यादीत आहे का आणि परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का?" उत्तर गोलमोल आलं तर फी भरायची नाही. यादी स्किल इंडियाच्या सरकारी पोर्टलवर स्वतः बघता येते.

एक पथ्य कायम लक्षात ठेवायचं. मसाजचा कोर्स करून स्वतःला फिजिओ किंवा डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही. पाटीवर नाही, इन्स्टाच्या बायोमध्ये पण नाही.

सातारा-सांगलीत काम आहे कुठं?

मोठ्या शहरात स्पा असतात, आपल्याकडं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण जरा आजूबाजूला बघा.

*खेळाडू.* सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो वजनी गटात सिल्व्हर जिंकलं. एकूण २४८ किलो उचलले आणि गोल्ड फक्त एका किलोनं गेलं. त्याच स्पर्धेत वजन उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या पातळीवर एका किलोचा फरक असतो. म्हणूनच व्यायामाइतकंच शरीराची निगा राखणाऱ्या टीमला महत्त्व येतं.

*महिला खेळाडू.* हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची फायनल गाठली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. २०२३ मध्येच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. आता तालमीतली जुनी पद्धत आठवा : पठ्ठ्यानं पठ्ठ्याचं अंग चोळायचं. ती सगळी पुरुषांची व्यवस्था होती. पोरी आखाड्यात, मॅटवर, ट्रॅकवर आल्या, पण त्यांचा खांदा आणि पिंढरी बघायला प्रशिक्षित बाई किती ठिकाणी आहे? ज्या पोरीला खेळाची आवड आहे, तिच्यासाठी ही मोकळी जागा आहे.

*धावणारे.* सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वरच्या घाटातून २१ किलोमीटर धावायला हजारो लोक येतात. शिवाय सैन्य आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर उतरणारी पोरं दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली आहेत. पिंढऱ्या आणि नडगी दुखणं त्यांच्या पाचवीला पुजलेलं.

*पर्यटन.* महाबळेश्वर-पाचगणीच्या मोठ्या हॉटेलांत आणि रिसॉर्टमध्ये स्पा असतात. सीझनला माणसं कमी पडतात. पावसाळ्यात मात्र काम मंदावतं, हे गृहीत धरूनच उतरायचं.

*घरपोच सेवा.* वयस्कर माणसं, बाळ-बाळंतीण, लकवा मारलेले रुग्ण. यातल्या रुग्णांना हात लावायचा तो डॉक्टर किंवा फिजिओच्या सांगण्यावरूनच. मावशींचं काम आजही चालू आहे, पण नव्या पिढीच्या आयांना स्वच्छता आणि माहिती हवी असते. बाळाच्या नाका-कानात तेल घालू नये, टाळू दाबू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. हे माहीत असलेल्या मावशीला लोक जास्त पैसे द्यायला तयार होतात.

पण मालिशीनं खरंच फरक पडतो का?

ज्या कामात आयुष्य घालवायचं, त्याची खरी ताकद आणि खरी मर्यादा आधी माहीत पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणं यांच्यासोबत मसाजचाही समावेश आहे. पण एकटा मसाज नाही, एकूण उपचारांचा एक भाग म्हणून.

खेळाडूंबद्दल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा की मसाजमुळं ताकद, उडी किंवा स्प्रिंटचा वेग वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र अंगाची लवचिकता थोडी वाढते आणि मेहनतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी अंगदुखी थोडी कमी होते.

म्हणजे मालिशीनं पैलवान जास्त ताकदवान होत नाही. तो उद्या पुन्हा मेहनतीला उभा राहायला थोडा सोपा होतो. तालमीत वस्ताद नेमकं एवढंच मागत होते.

त्यामुळं 'मसाजनं शरीरातलं विष निघतं', 'चरबी वितळते', 'गादी सरकलेली बसते' असे दावे करणाऱ्यांपासून लांब राहायचं. आणि स्वतः तर अजिबात करायचे नाहीत.

कधी हात लावायचा नाही

चांगल्या थेरपिस्टची ओळख तो किती जोरात रगडतो यावर होत नाही. तो कुणाला 'नाही' म्हणतो, त्यावर होते.

- हाड मोडल्याची शंका असेल, सांधा निखळला असेल किंवा ताजी सूज असेल तर चोळायचं नाही. आधी एक्स-रे.
- एकाच पायाची पिंढरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते? आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. थेट डॉक्टरकडं पाठवायचं.
- ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग असेल तर मसाज नाही.
- कंबरदुखीसोबत पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं ही इमर्जन्सी आहे.
- जुना डायबेटिस असेल तर पायाची संवेदना कमी असू शकते. जास्त दाब किंवा शेक दिला तर त्या माणसाला कळणारच नाही.
- गरोदर बाई आणि कॅन्सरचे रुग्ण यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.
- छातीत दुखतंय, डावा हात भरून आलाय, "जरा चोळून दे" असं कुणी म्हटलं तर तेलाची बाटली बाजूला ठेवून १०८ ला फोन लावायचा.

कमाईचा हिशोब

पगाराचे आकडे जागेप्रमाणं बदलतात, त्यामुळं गणित स्वतः मांडायला शिका.

समजा, एका तासाच्या सेशनचे ५०० रुपये घेतले. दिवसाला ४ सेशन आणि महिन्याला २५ दिवस. गणित होतं ५० हजारांचं. ऐकायला भारी वाटतं. पण रोज चारही सेशन भरत नाहीत. निम्मेच भरले तर २५ हजार. त्यातून जागेचं भाडं, तेल, टॉवेल-चादरींची धुलाई, पेट्रोल वजा करा. पहिल्या वर्षी हातात पडेल ती रक्कम कमीच असणार.

मग चारऐवजी आठ सेशन का नाही करायचे? कारण शरीर देत नाही. या कामात सगळ्यात आधी जातो तो अंगठा, मग मनगट, मग कंबर. नवीन पोरं अंगठ्यानं जोर लावतात आणि काही वर्षांत त्यांचाच अंगठा दुखायला लागतो. शिकलेला थेरपिस्ट कोपर आणि पंजा वापरतो, पाय फाकवून उभा राहतो आणि अंगाचं वजन टाकतो. टेबलाची उंची आपल्या उंचीप्रमाणं ठेवतो. ज्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत, तो कोर्स पोराचं करिअर पाच-सात वर्षांत संपवू शकतो.

स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर कागद काय लागतात? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाईन सूचना द्यावी लागते, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढं गेलात तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून, स्पा अशा सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, मात्र इनपुट क्रेडिट मिळत नाही.

मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. टेबल, तेल, चादरी आणि घरपोच सेवेची बॅग एवढ्यासाठी ते पुरू शकतं. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे, मालीश वेगळी म्हणून नाही. बाळंतिणीच्या मालिशीला जाणाऱ्या मावशींनी निदान ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंद करून ठेवावी. कागदावर त्या कामगार म्हणून दिसायला सुरुवात तिथूनच होते.

नोकरी घेताना डोळे उघडे ठेवा

विशेषतः पुणे, मुंबई, गोवा किंवा परदेशातल्या स्पाची ऑफर असेल तर.

पगार लेखी घ्या. 'पगार कमी, टिपवर भागेल' असं मालक म्हणत असेल तर तिथून निघा, कारण टिपच्या नावाखालीच पुढचा दबाव सुरू होतो. मूळ आधार कार्ड, पासपोर्ट किंवा मार्कशीट कुणाकडं ठेवायला द्यायची नाही, फक्त झेरॉक्स. खोलीला आतून कडी आहे का, ग्राहकांचं रजिस्टर ठेवतात का, आधी कामाला असलेली मुलगी का सोडून गेली, हे जागेवर जाऊन बघा आणि विचारा.

लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा मसाज सेंटरलाही लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्यापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. तातडीची मदत हवी तर ११२ आणि महिलांसाठी १८१.

हद्द पहिल्याच मिनिटाला सांगायची असते. ग्राहक आला की काय करणार, कुठं हात लागणार, कुठं नाही, अंगावर टॉवेल कायम राहणार, हे आधी बोलायचं. कुणी वावगं बोललं तर सेशन तिथंच संपवायचं. जी जागा असं सेशन संपवणाऱ्या थेरपिस्टच्या पाठीशी उभी राहते, ती नोकरी करण्याजोगी. जी जागा "गिऱ्हाईक सांभाळून घे" म्हणते, ती सोडण्याजोगी.

मग करायचं की नाही?

ज्याला मानवी शरीर समजून घ्यायची आवड आहे, तासभर शांतपणे एका माणसावर लक्ष देता येतं, ज्याला 'नाही' म्हणता येतं, त्याच्यासाठी हे काम आहे. ज्याला फक्त तीन महिन्यांत पैसे हवेत, त्याच्यासाठी नाही.

मार्क आणि ऐपत असेल तर फिजिओथेरपी ही सगळ्यात भक्कम वाट, कारण तिला कायद्याची नोंदणी आहे. ते जमणार नसेल तर पंचकर्म किंवा स्पा थेरपीचा मान्यताप्राप्त कोर्स, त्यानंतर दोन वर्षं चांगल्या माणसाच्या हाताखाली नोकरी आणि मगच स्वतःचं काम. खेळाची पार्श्वभूमी असेल तर जवळच्या तालमीत किंवा अकॅडमीत फिजिओच्या देखरेखीखाली अनुभव घ्यावा.

घरच्यांना पटवायचं असेल तर भाषण देऊ नका. कोर्सचा अभ्यासक्रम दाखवा, कॉलेजचा पंचकर्म विभाग किंवा फिजिओचं क्लिनिक त्यांना आतून दाखवून आणा. आजोबा पैलवानकी केलेले असतील तर त्यांना विचारा, तालमीत मेहनतीनंतर अंग कोण रगडायचं? ते नाव त्यांना अजून आठवत असेल.